लिथियम-सल्फर सेलमध्ये ग्राफीन, मॅक्सीन की मॉली? आधी इलेक्ट्रोलाइट किती घालताय ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा: एम.टेक.च्या प्रोजेक्टला लिथियम-सल्फर बॅटरी घेतली आहे, गाइड म्हणतात सेलमध्ये काहीतरी लेयर्ड मटेरियल घाल, मग ग्राफीन ऑक्साइड, मॅक्सीन (टायटॅनियम कार्बाइडचे पातळ पत्रे) आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड (बोलताना मॉली) यांतलं कुठलं घेऊ, आणि पेपरात हजार-हजार सायकल दाखवतात तर माझी कॉइन सेल (लॅबमधली बटणाएवढी सेल) शंभराच्या आतच का बसते. शेवटी एक पुरवणी प्रश्नही आहे, थिसिसमध्ये किती सायकल दाखवल्या म्हणजे पुरे.

सरळ सांगायचं तर कॉइन सेलमध्ये तिन्ही चालतात. कुठलंही घातलं तरी साध्या कार्बनपेक्षा ग्राफ बरा दिसतो, म्हणून तर दर महिन्याला एवढे पेपर येतात. खरा प्रश्न आहे की ते मटेरियल सेलमध्ये कुठे बसवणार, किती मिलिग्रॅम घालणार आणि दर मिलिग्रॅम सल्फरमागे किती मायक्रोलिटर इलेक्ट्रोलाइट ओतणार. हे तीन आकडे ठरले की मटेरियल निवडणं फार अवघड राहत नाही.

केमिस्ट्री पटकन उरकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सल्फरची थिअरेटिकल कपॅसिटी १६७५ एमएएच प्रति ग्रॅम, नेहमीच्या लिथियम-आयन कॅथोडची १५० ते २०० च्या आसपास, म्हणून सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. डिस्चार्ज होताना आठ अणूंचं सल्फरचं कडं तुटतं, आधी लांब साखळ्यांचे पॉलिसल्फाइड (लिथियम आणि सल्फरच्या साखळ्यांची संयुगं) होतात, मग आखूड साखळ्यांचे, आणि शेवटी घन लिथियम सल्फाइड. ग्राफवर दोन पायऱ्या दिसतात, एक साधारण २.३ ते २.४ व्होल्टला आणि दुसरी २.१ च्या आसपास. पहिल्या पायरीत हिशोबाने ४१८ एमएएच मिळतात आणि दुसरीत १२५५, म्हणजे तिप्पट. हे तिप्पट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोची अशी की सल्फर वीज वाहून नेत नाही, लिथियम सल्फाइडही नाही, आणि मधले पॉलिसल्फाइड इलेक्ट्रोलाइटमध्ये मस्त विरघळतात. विरघळले की तरंगत लिथियमच्या बाजूला जातात, तिथे रिड्यूस होतात, परत येतात, पुन्हा ऑक्सिडाइज होतात. हाच तो शटल इफेक्ट. चार्जिंग संपता संपत नाही, कूलंबिक एफिशियन्सी, म्हणजे भरलेल्या चार्जपैकी किती परत मिळतो ते प्रमाण, पडते, सल्फर कमी होतो आणि लिथियम खराब होतं. पण मग पॉलिसल्फाइड अजिबात विरघळूच द्यायचे नाहीत असंही करून चालत नाही, कारण आपल्या नेहमीच्या ईथर इलेक्ट्रोलाइटमध्ये सल्फर वापरात येतो तोच मुळी विरघळून. त्यात भर म्हणजे सल्फरचं लिथियम सल्फाइड होताना घनफळ जवळपास ८० टक्के वाढतं, म्हणजे कॅथोड दर सायकलला फुगतो आणि बसतो.

आता थर. सुरुवात थरांपासून झाली नव्हती. २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात लिंडा नाझार यांच्या ग्रुपने बारीक नळ्यानळ्यांच्या छिद्रांच्या कार्बनमध्ये सल्फर वितळवून भरला आणि या विषयात पुन्हा जान आली. त्यानंतर सगळेच कार्बनच्या मागे. पण कार्बनची पृष्ठभागाची जात नॉन-पोलर, आणि पॉलिसल्फाइड पोलर, त्यामुळे छिद्रात कोंडला तरी थोड्या दिवसांनी तो निघून जातोच. ग्राफीन ऑक्साइडवर ऑक्सिजनवाले ग्रुप असतात ते जरा धरून ठेवतात, २०११ पासून ते वापरात आहे. २०१२ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमधून अरुमुगम मंतिराम यांच्या ग्रुपने कॅथोड आणि सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडना वेगळं ठेवणारा पडदा) यांच्या मध्ये कार्बनचा एक कागदच ठेवून दिला, इंटरलेअर म्हणतात तो. करायला सोपं, रिझल्ट चांगला, त्यामुळे जगभर सगळ्यांनी तेच केलं.

२०१५ च्या सुमाराला नाझार यांच्याच ग्रुपची दोन कामं आली ती मात्र विषय समजायला महत्त्वाची. एकात मँगनीज डायऑक्साइडचे पातळ थर होते, दुसऱ्यात मॅक्सीन. मँगनीजवाल्या कामात त्यांनी दाखवलं की पॉलिसल्फाइड थराच्या पृष्ठभागावर नुसते चिकटत नाहीत, आधी तिथे थायोसल्फेट तयार होतं आणि ते थायोसल्फेट पुढच्या लांब साखळ्यांना पकडून आखूड करत जातं. म्हणजे पृष्ठभाग रिअॅक्शनमध्ये भाग घेतो. मॅक्सीनवरही पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल ग्रुप खर्ची पडून असंच थायोसल्फेट होतं आणि उघडं पडलेलं टायटॅनियम सल्फरला सरळ बॉंड करतं, हे त्यांनी नंतर दाखवलं.

इथे एक हिशोब करून बघा, मी प्रत्येक नव्या मुलाला हा कागदावर करायला लावतो. समजा सेपरेटरवर मॅक्सीनचा थर दिलाय, ०.२ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. त्याचं सरफेस एरिया १०० चौरस मीटर प्रति ग्रॅम धरू, म्हणजे तुमच्या एक चौरस सेंटिमीटर इलेक्ट्रोडमागे २०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळाला. पॉलिसल्फाइडचा एक रेणू साधारण एक चौरस नॅनोमीटर जागा खातो असं धरलं तर सगळा पृष्ठभाग एका थराने भरून गेल्यावर त्यावर सहा-साडेसहा मायक्रोग्रॅम सल्फर बसतो. आणि तुमच्या कॅथोडवर तेवढ्याच जागेत सल्फर किती आहे, बरा सेल असेल तर ५ मिलिग्रॅम. म्हणजे ०.१३ टक्के. एक टक्कासुद्धा नाही!

म्हणून पेपरात 'स्ट्राँग अॅडसॉर्प्शनमुळे पॉलिसल्फाइड अडकून राहतात' असं वाचलं की मला हसू येतं. एवढ्या पातळ थरात सल्फर साठूच शकत नाही, जागाच नाही. थराने काम केलं असेल तर ते दोनच प्रकारे, एकतर त्याने वाट लांब केली, नाहीतर आलेल्या पॉलिसल्फाइडला पटकन पुढच्या अवस्थेत ढकललं आणि जागा पुढच्याला मोकळी केली. साठवण नाही, उलाढाल. एकदा हे डोक्यात बसलं की मटेरियल निवडायचे निकष आपोआप बदलतात. थर वीज वाहणारा पाहिजे, कारण इलेक्ट्रॉन मिळाल्याशिवाय उलाढाल होणार नाही. तो कॅथोडला इलेक्ट्रिकली टेकलेला पाहिजे. आणि पकड मध्यम पाहिजे, फार घट्ट धरलं तर तो रेणू तिथून हलतच नाही आणि पृष्ठभाग बंद पडतो. नुसता बोरॉन नायट्राइड किंवा माती घराण्यातले थर इन्सुलेटर असतात, ते अडवतात खरे, पण त्यांच्यात शिरलेला सल्फर मग कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. रिड्यूस न केलेलं ग्राफीन ऑक्साइडही याच वर्गातलं, त्याचा फायदा वेगळा आहे, त्यावरचे कार्बोक्सिल ग्रुप निगेटिव्ह असतात आणि पॉलिसल्फाइडही निगेटिव्ह, त्यामुळे ते दूर ढकलले जातात आणि लिथियम आयन मात्र जातात. पातळ दिलं तर छान, जाड दिलं तर लिथियमचीही वाट बंद.

वाट लांब करण्याबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. थर आडवे एकावर एक बसले की पॉलिसल्फाइडला प्रत्येक पत्र्याला वळसा घालून जावं लागतं हे बरोबर, पण लिथियम आयनलाही तोच वळसा आहे. पत्रे जितके मोठे आणि थर जितका जाड तितका सी-रेट (चार्ज-डिस्चार्जचा वेग, १ सी म्हणजे एका तासात) वाढवल्यावर सेल झोपतो. म्हणून ०.१ सीला सुंदर आणि १ सीला काहीच नाही असा ग्राफ आला की मटेरियल वाईट म्हणून टाकून देऊ नका, आधी जाडी कमी करा, किंवा पत्रे सोनिकेट करून (अल्ट्रासाउंडने) लहान करा, नाहीतर मधे कार्बन नॅनोट्यूब मिसळा.

नॅनोट्यूब मिसळायचं आणखी एक कारण म्हणजे रिस्टॅकिंग. मॅक्सीन किंवा ग्राफीन सुटं केलं, पाण्यात छान पसरलं, आणि फिल्टर करून वाळवलं की ते ओल्या पापडांच्या चळतीसारखं एकमेकांना चिकटून बसतं, मग सरफेस एरियाचा तो १०० चा आकडा विसरा. बीईटी (सरफेस एरिया मोजायची टेस्ट) नेहमी वाळवलेल्या फायनल फिल्मची करा, पावडरची करून फिल्मला लावू नका.

आता मॅक्सीनच घ्यायचं ठरलं असेल तर थोडं प्रॅक्टिकल. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात युरी गोगोत्सी आणि मिशेल बार्सूम यांच्या टीमने हे पहिल्यांदा केलं, टायटॅनियम अॅल्युमिनियम कार्बाइडमधला अॅल्युमिनियमचा थर हायड्रोफ्लोरिक अॅसिडने (एचएफ) खाऊन टाकायचा आणि उरतात टायटॅनियम कार्बाइडचे सुटे पत्रे. २०१४ पासून त्याऐवजी लिथियम फ्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक अॅसिड वापरतात, ३५ अंशांवर साधारण २४ तास ढवळत ठेवायचं. याला लोक 'सेफ मेथड' म्हणतात, तसं काही नाहीये, त्या भांड्यात एचएफच तयार होतं, फक्त बाटलीतून ओतावं लागत नाही एवढंच. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (एचएफने भाजल्यावर लावायचं) हाताशी असल्याशिवाय आणि फ्युम हूड नीट ओढतोय हे बघितल्याशिवाय हे करू नका. काचेच्या भांड्यात तर नाहीच, प्लास्टिकचं किंवा टेफ्लॉनचं.

धूत राहायचं, पीएच सहाच्या आसपास आला की वरचं पाणी स्वच्छ न राहता काळपट हिरवं व्हायला लागतं, तेव्हा समजायचं की पत्रे सुटायला लागलेत. ते गाळायला घाई नको पण ठेवूनही देऊ नका, कारण मॅक्सीन पाण्यात हळूहळू सडतं, टायटॅनियम डायऑक्साइड होतो, बाटली पांढुरकी पडते. आर्गॉन भरून फ्रिजमध्ये ठेवलं तर जास्त टिकतं. बऱ्याच जणांच्या 'मॅक्सीन'मध्ये अर्धं टायटॅनियम डायऑक्साइडच असतं आणि गंमत म्हणजे तो पोलर असल्यामुळे पॉलिसल्फाइड तोही धरतो, रिझल्ट येतो, आणि श्रेय मॅक्सीनला मिळतं. सेल बांधायच्या दिवशी रामन (मटेरियल ओळखायची लेझरची टेस्ट) करा, पावडर बनवली त्या दिवशीचं रामन कामाचं नाही.

सल्फर भरताना नेहमीची मेल्ट डिफ्युजन (सल्फर वितळवून मुरवणं) १५५ अंशांना करतात, कारण तिथे वितळलेला सल्फर सगळ्यात पातळ असतो, १६० च्या वर गेलात की साखळ्या जुळून तो घट्ट व्हायला लागतो. मॅक्सीनसोबत हे उघड्या ओव्हनमध्ये करू नका, सीलबंद भांड्यात आर्गॉन भरून करा. आणि इलेक्ट्रोड वाळवताना व्हॅक्युम ओव्हन ८० वर लावून रात्रभर ठेवायची सवय लिथियम-आयनवाल्यांकडून आलेली असते, इथे ती सोडा. सल्फर उडून जातो, ओव्हनच्या दारावर पिवळा थर दिसतो, आणि तुम्ही मात्र जुन्याच वजनावर कपॅसिटी काढत बसता. ५० अंश पुरे, आणि वाळवल्यानंतर पुन्हा वजन करा.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडची गोष्ट वेगळी. त्याचा सपाट पृष्ठभाग तसा आळशी असतो, काम करतात त्याच्या कडा आणि सल्फर निघून गेलेल्या मोकळ्या जागा. शिवाय बाजारात मिळतं ते सेमीकंडक्टर रूप, त्यात इलेक्ट्रॉन नीट फिरत नाहीत. ब्यूटाइल लिथियमने किंवा दुसऱ्या मार्गाने थरांच्या मधे लिथियम घुसवलं की ते मेटॅलिक रूपात जातं आणि तेव्हा खरी मजा येते. २०२३ मध्ये केंब्रिजमधून मनीष छोवाला यांच्या ग्रुपने असं लिथियम भरलेलं मॉली कॅथोडमध्ये वापरून पाउच सेल (चपट्या पाकिटातले) केले, ४४१ व्हॅट-तास प्रति किलो आणि ७३५ प्रति लिटर, २०० सायकलनंतर ८५ टक्के कपॅसिटी शिल्लक. मला त्यात ४४१ पेक्षा ७३५ जास्त आवडलं. सल्फर सेलचं नेहमीचं रडगाणं हे की वजनाला हलका पण जागेला मोठा, कारण फुगीर कार्बन खूप घालावा लागतो. इथे थर दाट बसतात, वीज नेतात, लिथियम नेतात, पॉलिसल्फाइडला पृष्ठभाग देतात, आणि फुगीर कार्बन लागत नाही, त्यामुळे त्याच्या भोकांत भरायला इलेक्ट्रोलाइटही कमी लागतो. ब्यूटाइल लिथियम हवेत पेट घेतं, एम.टेक.च्या मुलाने एकट्याने हात घालू नये, पण दिशा हीच बरोबर आहे असं माझं मत.

टायटॅनियम डायसल्फाइडकडेही बघा. जुना गडी आहे, सत्तरच्या दशकात एक्झॉनमध्ये स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी रिचार्जेबल लिथियम सेल केला तो याच्यावर, पुढे २०१९ चं नोबेल मिळालं त्यामागे हेच काम. मुळातच चांगला वीजवाहक, आणि सल्फरच्याच व्होल्टेज पट्ट्यात स्वतःही लिथियम घेतो-सोडतो, ग्रॅममागे २३९ एमएएचपर्यंत. म्हणजे घातलेलं वजन पूर्ण फुकट जात नाही. ओलावा लागला की मात्र कुजक्या अंड्याचा वास सोडतो, ग्लव्हबॉक्स पाहिजेच.

आता इलेक्ट्रोलाइट. तुमची सेल पेपरसारखी का चालत नाही याचं उत्तर इथे आहे आणि पेपरातली सेल बाजारात का येत नाही याचंही. एक चौरस सेंटिमीटरचा हिशोब मांडू. सल्फर ५ मिलिग्रॅम, प्रत्यक्षात ग्रॅममागे १००० एमएएच मिळाले तर ५ एमएएच, गुणिले २.१ व्होल्ट म्हणजे १०.५ मिलिव्हॅट-तास. वजनं: सल्फर ५, कार्बन-बाइंडर वगैरे २, अॅल्युमिनियम फॉइलचा वाटा २, सेपरेटर दीड, लिथियम गरजेच्या दुप्पट धरलं तर २.६. हे झाले साधारण १३ मिलिग्रॅम. आता दर मिलिग्रॅम सल्फरमागे १० मायक्रोलिटर इलेक्ट्रोलाइट घातला तर ५० मायक्रोलिटर, वजन ५५ मिलिग्रॅमच्या आसपास. बाकी सगळ्या सेलच्या चौपट! एनर्जी डेन्सिटी निघते जेमतेम दीडशे व्हॅट-तास प्रति किलो, पॅकिंग न धरता. लिथियम-आयन यापेक्षा जास्त देते, मग एवढा खटाटोप कशाला. तेच प्रमाण ३ वर आणलं तर आकडा ३५० च्या वर जातो. बहुतेक पेपरात हे प्रमाण १५-२० असतं किंवा लिहिलेलंच नसतं, आणि सल्फरही एक-दीड मिलिग्रॅमच असतो.

आता त्यात तुमचा इंटरलेअर बसवा. १०० मायक्रॉन जाडीचा कार्बन कागद, ८० टक्के पोकळ, तर तो एकटाच दर चौरस सेंटिमीटरला ८ मायक्रोलिटर पितो. ३ च्या प्रमाणात तुमचा एकूण कोटा १५ चा आहे. म्हणजे अर्ध्याहून जास्त इलेक्ट्रोलाइट त्या कागदाने गिळला, कॅथोड कोरडा, आणि सेल पहिल्याच सायकलला मेली. मग माणूस काय करतो, इलेक्ट्रोलाइट वाढवतो, ग्राफ सुधारतो, पेपर जातो. थरांचे मटेरियल कागदापेक्षा चांगले ते नेमके इथे, एक मायक्रॉनच्या आतलं काम करता येतं, वजन ०.१-०.२ मिलिग्रॅम आणि पिण्याची भूक जवळपास नाही. ग्राफीनचा, मॅक्सीनचा खरा फायदा हा, आणि अॅब्स्ट्रॅक्टमध्ये तो क्वचितच लिहिलेला असतो.

कमी इलेक्ट्रोलाइटमध्ये आणखी एक होतं. २० मायक्रोलिटरच्या प्रमाणात सगळा सल्फर विरघळला तर सल्फरचं कॉन्सन्ट्रेशन दीड मोलर, ३ च्या प्रमाणात तेच दहा मोलरच्या वर जाईल. तेवढं विरघळतच नाही म्हणा, पण जे होतं ते घट्ट सिरप, आयन हलत नाहीत, आणि दुसरी पायरी कोसळते. त्यामुळे जास्त इलेक्ट्रोलाइटमध्ये जिंकलेलं मटेरियल कमी इलेक्ट्रोलाइटमध्ये जिंकेलच असं नाही. स्क्रीनिंग करायचं तर सुरुवातीपासून कमीतच करा. एकदम ३ वर उडी मारू नका, ८ ने सुरू करा, मग ५. मंतिराम यांच्या ग्रुपने २०२० मध्ये पाच पाचांचा एक निकष मांडला, सल्फर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिग्रॅमच्या वर, कार्बन ५ टक्क्यांच्या खाली, इलेक्ट्रोलाइट दर मिलिग्रॅम सल्फरला ५ मायक्रोलिटरच्या खाली आणि दर एमएएचलाही ५ च्या खाली, आणि कॅथोडच्या मानाने लिथियमचं प्रमाण ५ पटीच्या आत. कार्बनवाली अट एम.टेक.ला झेपणार नाही, बाकीच्यांच्या जवळपास गेलात तरी परीक्षक गप्प बसतील.

टेस्टबद्दल जरा बोलतो कारण इथेच बनवाबनवी होते, कधी मुद्दाम तर कधी नकळत. ती बाटलीतली टेस्ट सगळे करतात, पिवळ्या पॉलिसल्फाइडच्या द्रावणात पावडर टाकायची, दोन तासांनी द्रावण रंगहीन, फोटो काढायचा. पावडर किती आणि पॉलिसल्फाइड किती याचं प्रमाण बघा, सेलमधल्यापेक्षा कितीतरी पट पावडर असते. करायची तर करा, यूव्ही स्पेक्ट्रमसकट करा, पण तिच्यावर निष्कर्ष उभा करू नका.

त्यापेक्षा दोन-तीन साध्या गोष्टी. एक, लिथियम नायट्रेट. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे डायऑक्सोलेन-डायमेथॉक्सीइथेनमधलं टीएफएसआय हे लिथियमचं मीठ, त्यात एक-दोन टक्के नायट्रेट घालतात, ते लिथियमवर पापुद्रा बनवून शटल दाबतं. मग तुमची ९९ टक्के कूलंबिक एफिशियन्सी थरामुळे आली की नायट्रेटमुळे, कळायला मार्ग नाही. काही सेल नायट्रेटशिवाय बांधा, थर असलेल्या आणि नसलेल्या. त्या फार सायकल चालणार नाहीत, चालायलाच नकोत, पण एफिशियन्सीतला फरक खरा असेल. दोन, सेल चार्ज करून तीन-चार दिवस नुसती ठेवा आणि मग डिस्चार्ज करा, पहिली पायरी किती खाल्ली गेली ते बघा, हाच सेल्फ डिस्चार्ज. तीन, मघाचं ते तिप्पट. दुसऱ्या पायरीची कपॅसिटी भागिले पहिलीची, आदर्श ३, बऱ्यापैकी सेलमध्ये अडीचच्या आसपास. तुमच्या थराने उलाढाल वाढवली असेल तर हा आकडा चढला पाहिजे. एकूण कपॅसिटी वाढली पण हे गुणोत्तर तिथेच असेल तर तुम्ही नुसता चांगला कंडक्टर घातलाय, कॅटॅलिसिसच्या गप्पा नकोत.

आणि कंट्रोल सेल! थराशिवायची सेल हा कंट्रोल नव्हे. तेवढ्याच वजनाचा, तेवढ्याच जाडीचा साधा कार्बन ब्लॅकचा थर दिलेली सेल हा कंट्रोल. मॅक्सीनच्या फायद्यातला निम्म्याहून जास्त फायदा सुपर-पीचा (म्हणजे त्याच कार्बन ब्लॅकचा) थर देऊन जातो असं बऱ्याचदा दिसतं. उरलेला भाग तुमचा. लहान असेल, पण प्रामाणिक असेल. कट-ऑफ १.७ किंवा १.८ व्होल्टच्या खाली नेऊ नका, खाली नायट्रेट फुटतं आणि ती कपॅसिटी सल्फरच्या नावावर जमा होते.

आता राहिली लिथियमची बाजू. कॉइन सेलमध्ये जी तयार चकती टाकतात ती बहुधा ०.४५ मिलिमीटर जाड असते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ९० एमएएचच्या वर. तुमचा कॅथोड ५ चा. अठरा पट जास्तीचं लिथियम! त्या जोरावर अॅनोड कितीही कुजला तरी सेल चालत राहते आणि आपण म्हणतो थर भारी आहे. ५० मायक्रॉनची फॉइल घ्या, ती साधारण १० एमएएच, मग खरं चित्र दिसेल आणि ते दिसल्यावर वाईट वाटेल, वाटू द्या. कमी इलेक्ट्रोलाइटची सेल मरते तेव्हा अनेकदा कॅथोड ठीक असतो, लिथियमने इलेक्ट्रोलाइट पिऊन संपवलेला असतो. मेलेली सेल ग्लव्हबॉक्समध्ये उघडून बघा, सेपरेटर पिवळट ओला असेल तर शटलचा संशय, पण सेपरेटर कोरडा ठणठणीत आणि लिथियमवर काळं भुसभुशीत, बोटाने चोळलं की भुगा पडतो असं असेल तर तुमच्या कॅथोडच्या थराचा त्यात दोष नाही. ग्राफीन, मॅक्सीन लिथियमच्या बाजूलाही लावतात, सारखा करंट पसरावा म्हणून, आणि माझ्या मते पुढच्या काही वर्षांत थरांचं जास्त काम या बाजूला आहे. पण एका प्रोजेक्टमध्ये दोन्ही बाजू धरू नका, काय कशामुळे झालं ते सांगता येणार नाही.

बाजाराचं दोन ओळींत. २०१० मध्ये झेफिर नावाचं सोलर विमान दोन आठवडे सलग उडालं, त्यात सायन पॉवर कंपनीच्या लिथियम-सल्फर सेल होत्या, आणि कोरियात एलजीने २०२० मध्ये असंच उंचावरचं ड्रोन उडवून बघितलं. ब्रिटनमधली ऑक्सिस एनर्जी २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. सध्या कॅलिफोर्नियातली लायटेन ग्राफीनच्या जोरावर प्रयत्न करतेय. म्हणजे जिथे वजनाला सोन्याचा भाव आहे आणि सायकल कमी चालतात तिथे ही बॅटरी आधी येणार, स्कूटरमध्ये इतक्यात नाही. कच्च्या मालाची चिंता मात्र नाही, सल्फर रिफायनरीत तेलातून काढावाच लागतो, मुंबईत माहुलला निघतो, आणि तोच गंधक नाशिककडे द्राक्षावर भुरीसाठी मारतात. कोबाल्ट-निकेलसारखं कुणाच्या दारात जायला नको.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला. लॅबमध्ये एचएफची सोय आणि अनुभवी माणूस असेल तर मॅक्सीन आणि थोडे नॅनोट्यूब, सेपरेटरवर, कॅथोडच्या बाजूला, ०.२ मिलिग्रॅमच्या आत. सोय नसेल तर रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइडवर हायड्रोथर्मलने (बंद भांड्यात गरम पाण्यातून) वाढवलेलं मॉली, साधा ऑटोक्लेव्ह पुरतो, उभे वाढलेले पत्रे म्हणजे कडा भरपूर आणि ग्राफीन वीज नेतं. पुण्यात एनसीएल, सी-मेट, आयसर, मुंबईत आयआयटी, टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) किंवा एक्सपीएस (पृष्ठभागाची तपासणी) यांसाठी बाहेर धावायला नको, स्लॉट मात्र सेमिस्टरच्या सुरुवातीलाच मागून ठेवा, मार्चमध्ये सगळेच रांगेत असतात. जाड कॅथोड करताना एनएमपी (सॉल्व्हंट) आणि पीव्हीडीएफ (बाइंडर) यांची स्लरी भेगाळते, सीएमसी-एसबीआर हे पाण्यातलं बाइंडर घ्या आणि हळू वाळवा. मेलेल्या सेल हवेत उघडू नका, लिथियम सल्फाइडला ओलावा लागला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं.

आणि सायकलचं. २०० पुरेत, ०.२ सीला. ५ मिलिग्रॅमच्या आसपास सल्फर, इलेक्ट्रोलाइटचं प्रमाण ५ ते ८ च्या मधे, पातळ लिथियम, तीन सारख्या सेल आणि तिन्हींचे ग्राफ, त्यातली एखादी मेली असेल तर तीही दाखवा. शंभराव्या सायकलला मेली तरी चालेल, का मेली ते उघडून दाखवलंत तर तो एक अख्खा चॅप्टर होतो.